रेसिंगचं हवं, पण न वापरलेलं

ट्रॅकवर पळवलेल्या गाडीचं सामान विकायला काढलं की चौकस माणसांची उणीव भासत नाही. माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला यथेच्छ पळाली. आता ती विकायची, तर आधी सगळं उतरवून कंपनी फिटिंग परत बसवायला हवं. सामान चढवलेल्या गाडीला साध्या गाडीपेक्षा कमी भाव येतो, हे या धंद्यातलं मूळ गणित. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये बजावलंय. म्हणून कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), बकेट सीट, ब्रेक पॅड, सेमी-स्लिक टायर असं सगळं पार्किंगमध्ये मांडलं, फोटो काढले आणि जाहिरातीत खरं तेच लिहिलं: ‘ट्रॅकवर वापरलेले.’

पहिला मेसेज ठरलेला: ‘आहे का?’ दुसरा: ‘लास्ट किती?’ यात ‘नमस्कार’ आपण धरून चालायचं. तिसरा: ‘ट्रॅकवर वापरलंय का?’ हो म्हटलं की समोरचा गप्प. गिऱ्हाइकाला सामान रेसिंगचंच लागतं. फक्त त्या सामानाने रेसिंग केलेलं चालत नाही.

ब्रेक पॅड एका सद्गृहस्थांनी नेले. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, हे त्यांना देतानाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “अहो, सोसायटीच्या गेटपाशी लागतच नाहीत.” मी म्हटलं, गार आहेत. “मग गेटपर्यंत तापवून आणायचे का?” प्रश्न बिनतोड होता. ते कंपनीचे पॅड परत बसवून घेतो म्हणाले आणि गॅरेजवाल्याची मजुरी कोण देणार, हेही त्यांनी मलाच विचारलं.

बकेट सीटवर एफआयएच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटारस्पोर्ट महासंघाच्या, मानकाचं लेबल आहे. त्या मानकाच्या सीटची मान्यता तयार झाल्यापासून पाच वर्षं. ती संपलीय, हे मी आपणहून सांगितलं. “सीटला एक्सपायरी? दूध आहे का?” असं म्हणून गृहस्थ मनमुराद हसले आणि मग एक्सपायरी झालीय म्हणून निम्म्या किमतीला मागू लागले. त्यांना ती कंप्युटरवर गाड्यांचे गेम खेळायला हवी होती. तिथे अपघात झाल्यास एफआयएची जबाबदारी नाही, एवढं मी स्पष्ट केलं.

टायरवाले तर अभ्यासूच. एकाने खाली बसून बाजूचा कोड वाचला: २३१९. म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मग खाचेत नाणं घालून पाहिलं आणि “नक्षी भरपूर आहे” म्हणून खूश झाला. मी म्हटलं, नक्षीवर जाऊ नका, नख दाबून बघा. तापून-गार होऊन रबर कडक झालंय. त्याने नख दाबलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नख दाबलं आणि निघून गेला. न विचारता दोष सांगणारा माणूस याहून मोठं काहीतरी लपवत असणार, हे कोणालाही कळतं.

हेच सामान इतर लोक कसं विकतात तेही पाहिलं. सगळ्यांचं ‘जेमतेम दोनदा ट्रॅकवर’ गेलेलं. उरलेला काळ ते बहुधा देवघरात असावं.

कॉइलओव्हर शेवटी एका चुणचुणीत मुलाने घेतले. आट्यांत सुकलेलं काळं ग्रीस बोटाने खरवडलं, उंची बदलायचा पाना आहे ना विचारलं, ठरलेल्या रकमेतून पाचशे ‘पेट्रोलला’ कापले आणि “दादा, तुमच्यासारखी खरं बोलणारी माणसं राहिली नाहीत” असं म्हणून गेला. काही दिवसांनी त्याची जाहिरात दिसली. फोटो माझेच, एका कोपऱ्यात माझी चप्पलही. मजकूर: ‘अस्सल रेसिंग कॉइलओव्हर. ट्रॅकवर एकदाही नाही. फक्त घर ते ऑफिस.’ किंमत माझ्यापेक्षा बरीच वर.

दुसऱ्या नंबरवरून विचारलं, लास्ट किती?

“फिक्स्ड आहे दादा. आणि आता राहिलेपण नाहीत. सकाळीच गेले.”