अक्षांशवाले नाना

नानांच्या डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर काचेखाली स्वालबार्डचा नकाशा आहे. पोह्यांची बशी ठेवायची ती बॅरेंट्स समुद्रात. चुकून स्पिट्सबर्गेनवर ठेवलीत, तर नाना ती उचलून आग्नेयेला सरकवतात. गेली दोन वर्षं नाना आर्क्टिकला निघालेले आहेत.

खालच्या मजल्यावरची मंडळी ट्रॉम्सोला जाऊन आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर हिरव्या आकाशाच्या फोटोंचा पाऊस पडला, तेव्हापासूनचं हे. "ट्रॉम्सो? फक्त ६९ अंश!" नापास पोराचे मार्क सांगावेत तसं नाना सांगतात. नॉर्डकाप ७१, म्हणजे काठावर पास. डिस्टिंक्शन मिळालं ते स्वालबार्डच्या लाँगयिअरब्येनला, ७८.

पण तिथे जाऊन बघायचं काय? बियाण्यांची ती जगप्रसिद्ध तिजोरी आहे, २००८ साली डोंगराच्या पोटात सुरू झालेली. पर्यटकांना आत सोडत नाहीत. दार बघायचं आणि मागे फिरायचं.

"आमची आई राखेत कडवे वाल ठेवायची," काकू म्हणाल्या, "मागितलं तर डबा उघडून दाखवायची हो."

मग पिरामिडेन. रशियनांची कोळशाची वसाहत, १९९८ मध्ये खाण बंद पडली आणि माणसं उठून गेली. लेनिनचा पुतळा तेवढा ओस गावावर नजर ठेवून आहे. नाना रंगात येऊन सांगत होते, काकू भाजी निवडत होत्या. "बंद घरं बघायला एवढ्या लांब कशाला? कोकणात आपल्या वाडीत चला. तिथली कुलपं तरी ओळखीची आहेत."

नी-ओलेसुंदच्या बाबतीत मात्र मी नानांच्या बाजूचा होतो. तिथे आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. १९२६ मध्ये अमुंडसेन ज्या 'नॉर्गे' हवाई जहाजातून ध्रुवावरून गेला, ते जिथे बांधलं होतं तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे. नानांनी गावाभोवती लाल पेन्सिलीने गोलसुद्धा काढला. मग कळलं, की तिथल्या नाजूक उपकरणांना त्रास नको म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. नानांचा चेहरा पडला. ७८ अंश ५५ कलांवर उभं राहायचं आणि खालच्या मजल्याला कळायचं दोन दिवसांनी? गोलावर फुली पडली.

शिवाय त्यांना जहाजही हवं आणि ध्रुवीय प्रकाशही. जहाजं उन्हाळ्यात फिरतात, आणि तिथे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्यच मावळत नाही. आकाशाला काळोख नाही तर हिरवं दिसणार कुठून? यावर नाना दोन सहली करू म्हणाले. काकूंनी आधी एक करून दाखवा म्हटलं.

अखेर आली जहाजाची माहितीपुस्तिका. प्रत्यक्ष कुठे उतरायचं ते त्या दिवशीचा बर्फ, वारा आणि अस्वलं बघून ठरेल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. नानांनी ते तीनदा वाचलं. "म्हणजे दोन वर्षं आम्ही निवडायचं, आणि शेवटी ठरवणार अस्वल?"

परवा गेलो तर काचेखाली ग्रीनलँड होता. नाना पट्टी घेऊन अगदी वरच्या टोकाला भिडले होते. "काफेक्लुबेन! चिमुकलं बेट. ८३ अंश! डेन्मार्कमधल्या एका कॉफी-क्लबावरून नाव पडलंय."

काकूंनी पहिल्यांदाच नकाशात डोकावून पाहिलं.

"मिळते का तिथे?"