अठरा इंच पुरे

माझ्याकडे चेनसॉ आहे, हे मी कुणालाही ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगतो. पहिल्यात नाव, दुसऱ्यात गाव (कुडाळपासून आत), आणि तिसऱ्यात "आपली ६० सीसीची आहे." समोरच्याला वाटतं, मोटारसायकल. मग मला सविस्तर खुलासा करायला मिळतो. सीसी आधी सांगायची ती त्या खुलाशासाठीच.

गावात तिला कटर म्हणतात, नाहीतर नुसतं मशीन. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि माड, फणस, आकेशिया, जे मिळेल ते रस्त्यावर, कौलांवर आणि विजेच्या तारांवर आडवं झालं. त्या आठवड्यात कटरवाल्याला जो मान होता तो गणपतीच्या दिवशी भटजींनाही नसतो. लोक त्याला वाटेत गाठत, चहा पाजत, "आधी आमच्याकडे" म्हणून हाताला धरून नेत. खांद्यावर मशीन टाकून तो वाडीत शिरला की बायका पडवीत येऊन उभ्या राहत. मी आयुष्यभर बँकेत लोकांची कर्जं मंजूर केली, माझ्यासाठी पडवीत कुणी आलं नाही. आमची जमीन, आमचं रान, आमचा पडलेला फणस, आणि भाव मात्र याला! चेनसॉ घ्यायची इच्छा माझ्या मनात झाडांमुळे उपजली असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही.

अभ्यास मात्र कसून केला. बँकवाल्याचा अभ्यास म्हणजे आधी समोरच्या पार्टीची कुंडली. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील याने विजेवर चालणारी साखळी-करवत काढली तिचं वजन ६४ किलो होतं आणि ती उचलायला दोन गडी लागत. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीचा जन्म १६८९ चा. तेव्हा ती राजासाठी बंदुका करायची, पुढे शिलाई यंत्रं आणि मोटारसायकली करू लागली आणि १९५९ मध्ये चेनसॉकडे वळली. एवढी माहिती घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "बार किती इंची देऊ?"

बार म्हणजे जिच्या कडेने साखळी पळते ती लांब पोलादी पट्टी. पुरुषाची खरी कसोटी इथे लागते. बाजारात '५८ सीसी' असं ठळक छापलेली आणि २२ इंची बार लावलेली स्वस्त मशीनं ढिगाने मिळतात, आणि घेणारा बारकडे बघूनच घेतो. मला तर २५ इंची हवा होता. माझ्या रानात त्या जाडीचं झाड शोधावं लागलं असतं हा भाग वेगळा. बार लांबला की साखळी लांबते, तिला ओढायला इंजिनाची ताकद जास्त खर्च होते, ऑईल टोकापर्यंत पोहोचायला कुचराई करतं आणि टोक नजरेपासून दूर जातं. आणि सगळी मेख त्या टोकात असते. टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाच्या दिशेने येतं. भरधाव साखळी सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या घरात पळते. म्हणून तर पुढच्या हातासमोर ब्रेकचा पत्रा असतो. उसळताना मनगट त्याच्यावर आपटतं, किंवा झटक्याने तो आपोआप पडतो, आणि साखळी जागच्या जागी थांबते. ब्रेक नसलेलं किंवा बांधून ठेवलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये.

माझ्याबरोबर आमचा कटरवाला आला होता. (त्याला नेण्यामागे जाणकाराचा सल्ला घेणं हा हेतू नव्हता. मी घेताना त्याने बघावं, हा होता.) तो काउंटरला टेकून म्हणाला, "भाऊ, बार लांब आसलो म्हणान झाड लवकर पडना नाय." १८ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर जवळजवळ दुप्पट जाडीचं खोड उतरतं, हे त्याने दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराने ते मला सांगितलं. आम्ही १८ इंची घेतला.

आता थोडं विषयांतर. मला ओळखणारे लोक या ठिकाणी पाणी प्यायला उठतात.

पूर्वी चेनसॉच्या साखळीला हातकरवतीसारखेच दात असत. ते लाकूड ओरबाडायचे, लगेच बोथट व्हायचे, आणि मशीनपेक्षा कानसच जास्त चालायची. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या एका बुंध्यापाशी थबकला. बुंध्यात बोटाएवढी एक अळी लाकूड खात होती. आडव्या रेषांत, उभ्या रेषांत, तिला फरक पडत नव्हता. कॉक्स तिच्याकडे बघत बसला. अळीचा जबडा इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला, आणि ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं कापत जाते हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पोर्टलंडमधल्या घराच्या तळघरात तसेच वळलेले दात, एक डावा एक उजवा, साखळीत बसवले. १९४७ मध्ये ती साखळी विक्रीला आली. आज जगातली जवळपास प्रत्येक चेनसॉ त्याच अळीच्या जबड्याने चावते.

आणि गंमत अशी (अजून उठू नका), की ती अळी लांब मिश्यांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली. आमच्या हापूसच्या खोडात शिरणारा खोडकिडा त्याच कुळातला, काजूचं खोड पोखरणाराही त्याच कुळातला. म्हणजे जगातल्या लाकूडतोड्यांचे गुरू आमच्या परसात फुकट नांदताहेत, आणि आम्ही त्यांना तारेच्या आकड्याने ओढून काढतो, भोकात औषधाचा बोळा कोंबतो नि वरून माती लिंपतो! हा अन्याय मी कृषी सहायकांना सांगितला. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना सांगितला. साखरपुड्यातही सांगायला निघालो होतो, पण घरच्यांनी कोपर मारलं. एकदा काकी आंब्याच्या बुंध्यापाशी उकिडवी बसून खोडकिडा काढत होती. बुंध्याशी भुशाची रांगोळी पडली होती. तिने तार फिरवून अळी बाहेर खेचली. पिवळट, बिनपायांची, पुढे टणक काळं तोंड. तळहातावर घेतली तर ती ते तोंड अजूनही डावीकडे उजवीकडे हलवत होती, जणू लाकूड संपलंय हे तिला कुणी कळवलंच नाही. मी भारावून जाऊन कॉक्सची कथा सुरू केली. काकीने ती पुरती ऐकली, अळी रॉकेलच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "मेल्यान माझो आंबो खाल्ल्यान आणि तू त्येची आरती ओवाळतस?"

विषयांतर संपलं. पाणी पिऊन झालेल्यांनी यावं.

मशीनबरोबर मी परदेशी पद्धतीचा सगळा साज घेतला. नारिंगी हेल्मेट, त्याला जाळी, कानांवर वाट्या, पायांवर बांधायचे चाप्स. या चाप्सच्या पोटात लांब चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी मांडीला लागली की धागे भसाभस बाहेर येऊन चक्रात गुंततात आणि मशीन बंद पडतं. बनवणाऱ्याने ते स्वीडनचा हिवाळा डोळ्यांपुढे ठेवून बनवले असावेत. एप्रिलात, काजूच्या बागेत, दुपारी बारा वाजता त्यांच्या आत जे चालतं ते लिहिण्यासारखं नाही. काजू वेचणाऱ्या बायकांनी मला वीज मंडळाचा माणूस समजून लाईट कधी येणार असं विचारलं. मी जाळी वर करून त्यांना मशीनच्या कंपनाचे दुष्परिणाम समजावून सांगितले. त्यांनी पुन्हा विचारलं, पण लाईट कधी?

कटरवाल्याने माझा सगळा सरंजाम पाहिला. मशीन हातात घेऊन उलटंसुलटं केलं, साखळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मशीन बरी आसा भाऊ. धार खंय आसा?"

धार. पेट्रोलच्या लिटरला २० मिली टू-टी ऑईल घाला, बारचं ऑईल वेगळं घाला, एअर फिल्टर झटका, चोक ओढा, दोरी हिसका, हे सगळं कुणीही शिकतं. पण साखळीच्या तीस-पस्तीस दातांना गोल कानस मारणं ही बैठक मारून करायची कला आहे. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर, तिरप्या कोनात न्यायची. प्रत्येक दाताला सारख्याच वेळा. एका बाजूचे दात जास्त झिजले की मशीन सरळ कापता कापता वळणावर जातं. दात उन्हात धरून पाहावा. कडेवर पांढरी रेघ चमकली तर तिथे धार मेली. जिवंत धारेवर उजेड थांबत नाही. त्यात आमची लाल जांभ्याची माती. बुंध्यावर वाळवीने चढवलेला मातीचा लेप साखळीला लागला की सकाळची धार न्याहारीपर्यंत टिकत नाही, म्हणून आमचा शहाणा कटरवाला आधी कोयतीच्या पाठीने बुंधा खरवडून घेतो. धार असेल तर मशीन टपोऱ्या ढलप्या फेकतं. पिठासारखा भुसा पडू लागला की समजावं, आता आपण लाकूड कापत नसून पेट्रोल जाळतो आहोत.

मग तो झाडाकडे बघतो. मशीन खाली, कमरेच्या आकडीतली कोयती हातात, आणि भोवती एक फेरी. खोडावर टकटक करून पोकळ आहे का ऐकतो. शेंडा कुठे झुकलाय, कुठल्या बाजूला फांद्यांचं ओझं आहे, कावळ्याचं घरटं आहे का, आपल्याला पळायला वाट कुठे. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच, मागून थोडा वर आडवा काप, आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड न कापता ठेवायचं. तीच बिजागरी, झाड तिच्यावर वळतं. ती कापली की झाड कुणाचंच ऐकत नाही. एवढं सगळं मला तोंडपाठ आहे. तो फक्त म्हणतो, "गडग्यापलीकडे पडला तर लाकूड तेंचा आणि भांडाण तुमचा." आणि झाड गडग्याच्या अलीकडे पडतं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दिवाळी सरली की समोरच्या डोंगरातून कटरचा आवाज सुरू होतो तो शिमग्यापर्यंत. खाजगी रानं एकरकमी ठेकेदाराला विकली जातात. साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं. स्वतःच्या सातबाऱ्यात उभी असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर २०१३ साली उच्च न्यायालयाला तोडीवर बंदी घालावी लागली. पूर्वी दोघे गडी दोन टोकांनी करवत ओढत, तेव्हा एका किंजळीला अर्धा दिवस जाई. मधे ते तंबाखू मळायला बसत. तेवढ्यात मालकाची आई येऊन "राहू दे रे ती" म्हणू शके. आता ती घरातून निघेपर्यंत बुंधा उरतो.

आणि कापणारा? ठेकेदार मशीनला ऑईल घालतो, माणसाला बूट घालत नाही. रबरी चप्पल, हाफ पँट, डोक्याला टॉवेल. आमच्या कटरवाल्याचं मशीन जुनं, हादरे शोषणारे रबर कधीच फाटलेले. संध्याकाळी माझ्या पडवीत बसून तो विडी काढतो तेव्हा बोटांची टोकं पांढरी पडलेली असतात आणि विडी दोनदा निसटते. तिसऱ्यांदा मी ती त्याच्या ओठात देतो. आमच्यात त्यावर बोलणं होत नाही. मी चाप्स देऊ केले होते. गरम होतात म्हणाला. माझे बूट मात्र घेतले, आणि रोज घालतो. माझे पाय त्याच्याहून एक नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबतो.

तेव्हा घरची बाग साफ करायची असेल, पडलेलं झाड तोडायचं असेल, तर ४५ ते ५० सीसीचं चांगलं मशीन पुरतं. रोजचं रानातलं काम असेल तर ६० च्या आसपास. बार अठरा इंची. साखळी गोलसर कोपऱ्याच्या दातांची घ्या, मातीत ती जास्त टिकते. गोल कानशी दोन घ्या, आपल्या साखळीच्या मापाच्या. ब्रेक दुकानातच तपासा. आणि स्वतः न कापता कुणाला बोलावणार असाल, तर आधी त्याच्या पायांकडे बघा, बूट नसतील तर काम सुरू करू देऊ नका. माझं मशीन मात्र मागायला येऊ नका. ते मी देत नाही.