साबणाला कोणी वाली नाही

कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली म्हणून 1832 साली मुंबईत दंगल झाली होती; पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती. आता तेवढे कष्ट पडत नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिस्किटवाले आणि काठीवाले बसल्या जागी लढतात. पोटरी धरून बसलेल्या माणसाला मात्र दोन्ही पक्ष एकच विचारतात, “तुम्ही त्याला छेडलंत का?”

मग उपचार सुरू होतात. तळमजल्यावरचे काका चुना सुचवतात, दुसऱ्या मजल्यावरून हळद येते, कोणीतरी जखमेत तिखट भरायला सांगतं. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवा, हे कोणी म्हणत नाही. साबण कोणाच्याच आजीचा नुस्खा नाही ना! शिवाय पंधरा मिनिटं नळाला पाणी हवं, म्हणजे विषय पुन्हा महापालिकेकडेच.

दवाखान्यात जायला पेशंट घाबरतो ते पोटातल्या चौदा इंजेक्शनांना. ती बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडातच देतात, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. पण पहिला डोस झाला की शूरपणा अंगात येतो आणि तिसऱ्याच्या तारखेला नेमकं गावाकडे लग्न निघतं. “पिल्लूच तर होतं, नुसतं ओरखडलंय” हे वर. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही, आणि पिल्लाचा रेबीज काही लहान नसतो.

कुत्रं अंगावर आलं तर पळू नये, नजरेला नजर देऊ नये, हात अंगाशी धरून गप्प उभं राहावं. नगरसेवकासमोर हे आपल्याला छान जमतं.

सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 ला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली. 22 तारखेला सांगितलं, नसबंदी करा, लस टोचा, पिसाळलेली आणि हिंस्र सोडून बाकीची जिथली तिथे सोडा. शेजारी गोव्यात वर्षानुवर्षं जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून पोरांना शिकवलं आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. यात ना मोर्चा, ना मेणबत्त्या. बातमी तरी कशाची करणार?

आमच्या सोसायटीनेही गेल्या सभेत एकमताने कृती केली. गेटवर ‘भटक्या कुत्र्यांना प्रवेश नाही’ असा फलक लागणार आहे. तो कुत्र्यांना दिसेल एवढ्या उंचीवर असावा, अशी एका सभासदाची सूचना असून ती उपसमितीकडे आहे.