निळूभाऊ

निळूभाऊंचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर असतं, एरवी ते कुणी वापरत नाही. नॉर्थ कॅरोलायनात रालेच्या आसपास जी मराठी वस्ती आहे, तिच्यात त्यांनी इतकी निळी अंडी वाटली आहेत की हे नाव आपसूक चिकटलं. दिवसा ते एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात म्हणे. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कुणी चकार शब्द ऐकलेला नाही.

अंडं खरोखर निळं असतं. फिकट, किंचित राखी छटेचं. हातात ठेवलं की बायका ‘अय्या’ म्हणतात आणि पुरुष ‘च्यायला’. निळूभाऊ त्या एका उद्गारासाठी जगतात. तो निघाला की ते अंडं फोडतात, आतला पापुद्रा नखाने सोलतात आणि कवच उजेडात धरतात.

“बघा, आतूनही निळं. तुमचं ते तांबडं अंडं म्हणजे भिंतीला वरून मारलेला डिस्टेंपर. घालायच्या आधी शेवटच्या काही तासांत हात फिरवलेला. हे आरपार!”

इथवर पाहुण्याला मजा वाटते. मग बिलिव्हर्डिन येतं. मुका मार बसल्यावर कातडी हिरवट पडते, ती ज्या द्रव्यामुळे, तेच हे. त्यामागून 2013 साल येतं. त्या वर्षी संशोधकांनी दाखवून दिलं की फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत घुसून बसला आणि त्याने हा निळा रंग चालू केला. ‘विषाणू’ हा शब्द साधारण ऑम्लेटच्या दुसऱ्या घासाला उच्चारला जातो. पाहुण्याचा काटा हवेतच थांबतो. वहिनी सवयीने पाव पुढे सरकवतात, “घ्या हो, तो कुणाला होत नाही.”

चव वेगळी असते का, असं कुणी विचारलं की निळूभाऊ जरा पडेल आवाजात खरं ते सांगतात. चव तीच. पौष्टिकपणाही तोच. थापा मारणाऱ्यातला हा माणूस नाही. उलट खरेपणाचा त्यांना रोगच आहे, आणि तो जातींच्या बाबतीत फार बळावतो.

निळं अंडं मुळात चिलीमधलं. तिथल्या मापुचे लोकांच्या कोंबड्या ते घालत. साल्वादोर कास्तेयो नावाच्या स्पॅनिश प्राध्यापकाने 1921 मध्ये हेग इथल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्या जगापुढे मांडल्या. पुढे अमेरिकेत त्यांतून दोन जाती ठरल्या. अरौकाना, म्हणजे शेपूट नसलेली आणि कानापाशी पिसांचे झुपके असलेली. तिला 1976 मध्ये मान्यता मिळाली. दुसरी अमेरौकाना, शेपूटवाली, गालावर कल्ले आणि हनुवटीखाली दाढी असलेली. तिला 1984 मध्ये. झुपक्यांच्या जनुकाची गोम अशी, की तो आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणून निळूभाऊंनी अमेरौकाना घेतली. हे सगळं ते तुम्हाला लिफ्टमध्येही सांगतात, आणि मजला आला तरी दार धरून ठेवतात.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या घरी एक गृहस्थ सहज बोलून गेले, “आमच्याकडेही आहेत की त्या निळ्या अंड्यांच्या.” निळूभाऊंनी तिळगूळ खाली ठेवला. पायांचा रंग काय? पिवळा? अंडं हिरवट आहे? मग ती अमेरौकाना नव्हे, संकरित! निळ्या कवचावर तांबडा डिस्टेंपर चढला की हिरवं दिसणारच. त्यांनी खिशातून रंगाच्या दुकानातलं छटांचं कार्ड काढलं (ते कायम त्यांच्या खिशात असतं) आणि त्या गृहस्थांना कुठली पट्टी जुळते ते विचारलं. गोड बोला म्हणायचा दिवस होता, म्हणून निभावलं. खरं तर या रागाचं मूळ घरातच आहे. एका हॅचरीने सुरुवातीला त्यांनाही अमेरौकाना म्हणून संकरितच पिल्लं पाठवली होती, आणि त्यांनी ती सात महिने शुद्ध समजून वाढवली.

पिल्लं इथे टपालाने येतात. एक दिवसाची पिल्लं, भोकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर त्याचे दोनतीन दिवस निघतात. पोस्टातून पहाटे फोन येतो, खोकं चिवचिवतंय, घेऊन जा. मुलीच्या बाळंतपणाला निळूभाऊ विमान चुकल्यामुळे उशिरा पोचले होते, पण या फोनला ते पायात चप्पल नसतानाही निघतात. त्या पिल्लांत हटकून एक कोंबडा निघतो. त्यांच्या वसाहतीत कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. तो आरवायला लागला की निळूभाऊ शेजाऱ्यांना आधी निळी अंडी पोचवतात आणि मग त्याच्यासाठी शेतावरचं स्थळ शोधत हिंडतात.

मागच्या उन्हाळ्यात गुहागरहून त्यांच्या आई आल्या. या बाईंनी जन्मभर कोंबड्या पाळल्या. खुराड्यासमोर उभ्या राहून त्यांनी दाढीवाल्या तलंगेकडे बराच वेळ पाहिलं.

“बाईमाणसाला दाढी? मग कोंबड्याला काय देतात रे?”

निळूभाऊंनी हेगची परिषद सुरू केली. आईंनी मधेच थांबवलं.

“रंगाचं राहू दे बाळा. घालते किती?”

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. आठवड्याला तीन, फार तर चार. आणि दिवस लहान झाले, पिसं झडली की तेवढीही नाहीत. आई काही बोलल्या नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एक कोंबडी खुडूक होऊन बसली. निळूभाऊ तिच्यासाठी जाळीच्या तळाचा खास पिंजरा मागवायला संगणकावर बसले. तेवढ्यात आईंनी तिला बखोटीला मारून बादलीतल्या गार पाण्यात बुचकळून काढलं आणि उन्हात सोडून दिलं. पिंजरा आला तोवर कोंबडी अंड्यावर आली होती. तो पिंजरा आता कांदे ठेवायला वापरतात.

श्रावणात मोठी पंचाईत होते. दिवस मोठा असल्याने कोंबड्या जोरात असतात आणि घरात महिनाभर अंडं शिजत नाही. मग निळूभाऊ डझनाडझनाने खोकी घेऊन दारोदार फिरतात. एकदा गणपतीच्या आरतीलाही एक खोकं आणत होते. वहिनींनी ते गाडीच्या डिकीतच ठेवायला लावलं. आरती संपल्यावर अर्धं मंडळ डिकीभोवती जमलं होतं आणि ‘अय्या’ अन् ‘च्यायला’ आळीपाळीने ऐकू येत होतं. प्रसाद वाटणारा मुलगा शेवटी तिकडेच मोदक घेऊन गेला.

मध्यंतरी त्यांच्याकडे पाणी घ्यायला म्हणून मी स्वतःच फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात दुकानातली पांढरी अंडी होती, अठराचा खोका, निम्मा संपलेला. वहिनी मागे उभ्या होत्या. “ती आमची,” त्या म्हणाल्या. “निळी पाहुण्यांची. आम्ही काय, आम्हाला माहीतच आहे ती निळी असतात ते.”

तेव्हा बोलावणं आलं तर जरूर जा. ऑम्लेट वहिनी करतात, उत्तम असतं. फक्त अंडं हातात ठेवलं की जरा मोठ्याने ‘अय्या’ म्हणा, आणि दुसरा घास लवकर गिळा.