घाबरण्याचा लातूर पॅटर्न
(नांदेड शाखेसही लागू)

भयपट पाहणारे पुष्कळ आहेत, रीतसर घाबरणारे थोडे. एक जण उशीत तोंड खुपसतो, दुसरा मोबाइल काढतो, तिसरा नेमक्या वेळी चहा टाकायला उठतो आणि सकाळी तिघंही सांगतात, ‘काही भीतीबिती वाटली नाही.’ ज्या लातूरनं बारावीच्या अभ्यासाला पॅटर्न दिला, तिथं एका विषयाची अशी हेळसांड व्हावी हे बरं नव्हे. आणि लातूरनं काही सुरू केलं की नांदेडला त्याचे वर्ग निघायला वेळ लागत नाही, म्हणून ही मार्गदर्शिका दोन्ही जिल्ह्यांसाठी एकत्रच काढली आहे.

घटक 1 : फाउंडेशन
सुरुवात रामसे बंधूंपासून करावी. ‘पुराना मंदिर’ (1984) आणि ‘वीराना’ (1988) हे दोन धडे पुरेत. यात भूत अख्खं दिसतं, वारंवार दिसतं, आणि नीट पाहणाऱ्याला मेकअप कुठं संपतो तेही दिसतं. मग महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (1993) घ्यावा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू भयंकर आहे खरा, पण शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे असल्यावर घाबरायला सवड कुणाला? धडा असा की, जे पूर्ण दिसलं त्याची भीती निम्मी झाली. राम गोपाल वर्मानं ‘रात’मध्ये (1992) हे ओळखलं होतं. त्यानं भूत बाजूला ठेवलं आणि कॅमेराच भुताच्या नजरेनं घरभर फिरवला. हा प्रश्न हमखास येतो. अधोरेखित करून ठेवावा.

घटक 2 : आवाज
प्रात्यक्षिक : टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून कोणताही भयपट लावा. नायिका जिना चढते, दार ढकलते, पुन्हा जिना उतरते. घर बघायला आलेली भाडेकरूच वाटेल. भीती पडद्यापेक्षा कानातून जास्त शिरते, आणि कुठून आला ते कळत नाही असा आवाज सगळ्यांत वाईट. निलंगा तालुक्यातल्या हासोरीकरांना हे शिकवायला नको. 2022 साली तिथं जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा माणसं घर सोडून उघड्यावर झोपली. त्या गावाला कुठला साउंड डिझायनर काय ऐकवणार?

इथंच एक सवलत नमूद करतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (1973) खाट हादरते, तो भाग औसा-लोहारा पट्ट्यातल्या उमेदवारांना ऐच्छिक आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटत असताना, किल्लारीत भूकंपानं खाटा हलल्या आणि दगडमातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. त्या पट्ट्यात खाट हलली की लोक पडदा बघत नाहीत, लेकरं उचलून अंगणात जातात. त्यांना या घटकाचे पैकीच्या पैकी गुण परीक्षेला न बसताच द्यावेत.

घटक 3 : कोकणातल्या भुतांचं काय करावं
मराठी भुतांचं डोमिसाइल बहुतेक कोकणचं. ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणात, ‘तुंबाड’ (2018) कोकणात, ‘मुंज्या’ही (2024) कोकणात. सिंचनाचा अनुशेष अजून निघाला नाही, तिथं मराठवाड्याचा भुतांचा अनुशेष कोण काढणार? त्यामुळं बाहेरची भुतं वापरावी लागतात आणि अडचणी येतात.

‘तुंबाड’चंच बघा. राही अनिल बर्वे यांनी कित्येक पावसाळे थांबून खरा पाऊस टिपला. पडद्यावर तो थांबतच नाही. पुणे-मुंबईचा प्रेक्षक त्या अंधाऱ्या सरींनी आकसतो. आपला माणूस खुर्चीत सावरून बसतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, ‘लई झाला बगा. हरभरा जमतोय आता.’ 2016मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याला पावसानं घाबरवता येत नाही.

यावर उपाय : पाऊस वजा करावा आणि खाली काय उरतं ते पाहावं. जुना वाडा, पुरलेलं सोनं, राखण करणारा हस्तर आणि बापाच्या मागोमाग पोरगाही त्याच भोकात उतरतो, तो हावरटपणा. हे आपल्याकडचंच आहे. ज्या गावात गढी आहे, तिथं गढीखाली हंडा आहे, हंड्यावर नाग आहे आणि अवसेला गुपचूप टिकाव घेऊन जाणारे गावातले दोघं-तिघंही आहेत. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं करणं हा गुन्हा ठरवला, आणि त्याच कलमात पाण्याचे साठे शोधण्यासाठीचे असले उद्योगही घातले. सोनं आणि पाणी एका ओळीत! कायदा नागपूरच्या अधिवेशनात झाला असला, तरी ही ओळ वाचताना मसुदा आपल्याच एखाद्या तहसीलदारानं केल्यासारखा वाटतो.

घटक 4 : ऊस (सर्वाधिक गुण)
विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017) न चुकता पाहावा. याचाच पुढं हिंदीत ‘छोरी’ (2021) झाला. कर्जापायी शहरातून पळालेलं जोडपं, दिवस भरत आलेली पूजा सावंत आणि चारी बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस. इथं आपल्या उमेदवारांची एक नेहमीची चूक होते. ते कथा सोडून उसात अडकतात : ‘एवढा ऊस उभा, तोड कामून आली नाही?’ तुरा सुटला की वजन घटतं, टोळी पुढच्या गावात असते, कारखान्याचा चिटबॉय फोन उचलत नाही. ही भीती खरी असली तरी अभ्यासक्रमाबाहेरची आहे.

लक्ष उषा नाईक यांच्यावर ठेवावं. आपुलकीनं विचारपूस करणारी, जेवू घालणारी, पोटाकडे बघणारी घरातली म्हातारी. भुतं त्या चित्रपटात आहेत, पण ती मुलगी नको म्हणून मारलेल्यांची आहेत; मारणारी माणसं जिवंत असतात आणि चुलीवर भाकरी टाकत असतात. 2011च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली 807 होत्या. पडद्यावर हा आकडा कुणी उच्चारत नाही. या घटकात ज्याला हसू आलं, त्याला पुन्हा पहिल्या वर्गात बसवावं.

सूत्र पाठ करा : भूत कुठलंही चालतं, भीती मात्र आपल्या शिवारातली लागते.

सराव परीक्षा
वेळ : रात्री बारा. दिवे बंद. सोबतीला फक्त भित्रे नातेवाईक. विनोदी मेहुणे कॉपी समजून बाहेर काढावेत.

1. भूत कोणत्या दारातून आलं? (दार दाखवलं असल्यास चित्रपट बदला.)
2. ते कुणाचं भूत होतं आणि त्याला कुणी मारलं? (दुसऱ्या भागाला जास्त गुण.)
3. मारणाऱ्यासारखं आपल्या भावकीत कोण आहे? (उत्तर लिहू नये. घाबरावं.)

निकाल : चित्रपट संपल्यावर जो पहाटे चारला एकटाच अंगणात जाऊ शकतो, तो नापास. मात्र नळाला पाणी सुटलं म्हणून गेला असेल, तर ग्रेस गुण देऊन पास करावं, आणि शेजारीही उठवावेत.