दीड मीटरवरची कुडी

प्रति,
माननीय कॅमेरेवाले साहेब,
काउंटरच्या पलीकडे, एसीच्या खाली.



पत्रास कारण की, तुम्ही दिलेला कॅमेरा फार छान आहे. परवा गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या पारव्याचा फोटो काढला. त्याच्या डोळ्यातल्या बाहुलीभोवतीची लाल कडासुद्धा स्वच्छ आली. मला पारव्यांचे फोटो काढायचे नव्हते, एवढीच काय ती अडचण.

तुम्हाला आठवत नसेल, रोज शंभर गिऱ्हाइकं येत असतील. मी सोनपेठहून पहाटेच्या एसटीनं आलो होतो. गावात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं, झालंच तर निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांचे हात जोडलेले फोटो. मी तुम्हाला म्हणालो, “हिऱ्याच्या दागिन्यांचे जवळून फोटो काढायचेत.” त्यातला ‘जवळून’ हा शब्द तुमच्या कानावरून गेला. ‘हिऱ्याच्या’ हा मात्र नीट ऐकलात आणि बिल त्याच हिशेबानं केलंत.

“क्लोजअप म्हणजे झूम,” तुम्ही म्हणालात, आणि हातभर लांबीचा ७५-३०० काउंटरवर ठेवलात. वर, “डोळे झाकून घ्या, भाऊ.” कॅमेरा ही डोळे झाकून घ्यायची वस्तू आहे हे मला त्या दिवशी कळलं. घेतला. दोष एकट्या तुमचा नाही म्हणा. दुकानात शिरल्या शिरल्या मीच “मेगापिक्सेल किती?” असं विचारलं होतं. बैलबाजारात दात बघायचे सोडून शेपटीची लांबी विचारणाऱ्याच्या दावणीला शेवटी काय बांधलं जाणार?

तर, आमच्या गल्लीतले सराफ काका दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालात गुंडाळून कुडी घेऊन आले. मधे एक हिरा, भोवती सहा. अख्खं फूल नऊ मिलिमीटरचं, मोठ्या वाटाण्याएवढं. पुण्याचं गिऱ्हाईक, फोटो लवकर पाठवायचे. मी निळी मखमल अंथरली, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि तुमचा झूम कुडीसमोर धरला. लेन्सनं घुर्र घुर्र केलं, पुढं-मागं झाली, आणि बटण काही दबेना. मी एक पाऊल मागं आलो. घुर्र. आणखी एक. असा मागं सरकत सरकत पासपोर्टच्या स्टुलावर जाऊन आपटलो, तेव्हा फोकस बसला.

खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. कमीत कमी अंतर १.५ मीटर. प्रतिमा जास्तीत जास्त वस्तूच्या ०.२५ पट. म्हणजे माझी नऊ मिलिमीटरची कुडी आतल्या सेन्सरवर सव्वादोन मिलिमीटरची पडणार, आणि सेन्सर आहे २२ मिलिमीटर रुंद. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० ठिपके असतात. त्यातले कुडीच्या वाट्याला सहाशे आले, एकेका हिऱ्याला दीडशेच्या आसपास. उरलेले सगळे मेगापिक्सेल मखमलीच्या कामी आले. मखमल मात्र काय आली आहे, साहेब! एकेक लव मोजून घ्यावी.

काकांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा पाहिला. “हे काय, साबुदाणा भिजू घातला का?”

गंमत पुढंच आहे. “हा असाच, फुकट” म्हणून तुम्ही जी छोटी १८-५५ लेन्स पिशवीत टाकलीत, ती पाव मीटरपर्यंत जवळ जाते आणि प्रतिमा ०.३४ पट देते. म्हणजे ज्याचे पैसे घेतलेत त्याच्यापेक्षा जे फुकट दिलंत ते या कामाला जास्त चांगलं. खऱ्या मॅक्रो लेन्सचं काम वेगळं. ती वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटवते, एकास एक. साठ, नव्वद, शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्स सगळ्या मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. शंभरची असेल तर वीतभर लांब राहून काम होतं आणि लेन्सची सावली दागिन्यावर पडत नाही. हे नाव तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही. कपाटात नसलेली वस्तू जगात नसतेच, असं तुमचं शास्त्र असावं.

आता तुमच्या रिंग लाईटकडे येतो. “ज्वेलरीला हाच लागतो.” लावला. सातही हिऱ्यांत सात पांढऱ्या बांगड्या दिसल्या. सोन्याच्या कडेवर आठवी. साहेब, हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. आत शिरलेला उजेड तो मागच्या पैलूंवर आपटवून पुढं परत पाठवतो. नीट पैलू पाडलेल्या गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू असतात आणि प्रत्येक जण समोर जे दिसेल ते दाखवतो. बांगडी धरली तर बांगडी. काळा कॅमेरा धरला तर काळा ठिपका. काकांच्या मुलानं मधेच आपला चार डोळ्यांचा मोबाईल काढला, “यात मॅक्रो आहे” म्हणाला. होता खरा, दोन मेगापिक्सेलचा, आणि चार सेंटिमीटरवर नेल्याशिवाय फोकस न बसणारा. त्याच्या फोटोत सगळे हिरे काळे, आणि मधल्या हिऱ्यात त्याचा अंगठा.

शेवटी काय केलं ते सांगतो. पुढच्या गिऱ्हाइकाला फसवताना निदान माहिती तरी असू द्या. मी एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळकांडी. आत काच नाही, काही नाही, नुसती हवा. हवा तुम्हीही विकता, पण ही कामाची निघाली. ३१ मिलिमीटरचं नळकांडं लावल्यावर तुमच्या फुकटच्या लेन्सनं कुडी जवळजवळ खऱ्या आकाराएवढी उतरवली. सहाशे ठिपक्यांच्या जागी दोन हजारांवर.

पण इतकं जवळ गेलं की नवी पीडा. फोकस जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा राहतो. मधला हिरा पाकळ्यांपेक्षा वर बसवलेला, त्यामुळे तो लख्ख आणि भोवतीचे सहा धुक्यात. अॅपर्चर बावीसपर्यंत बारीक केलं तर सगळंच मऊ पडलं. मग कॅमेरा हलू न देता, दोन सेकंदांच्या टायमरवर, फोकस केसाएवढा सरकवत अकरा फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकात एक बसवले. तेवढ्यात दोनदा लाईट गेली. उजेडासाठी थर्माकोलचं खोकं, वर बटर पेपर, दोन्ही बाजूंना साधे एलईडी बल्ब. सोनं झकास आलं. हिरे मात्र मेलेले, काचेसारखे! मऊ उजेडात हिरा खेळत नाही. त्याला एक बारीक, टोचरा उजेडही लागतो. बटर पेपरला बोटभर भोक पाडून पोराची टॉर्च आत सोडली, तेव्हा कुठं पाकळ्यांत निळ्या-तांबड्या ठिणग्या उडाल्या. काका खुर्चीतून उठले.

आणि लगेच बसले, कारण एवढं मोठं झाल्यावर हिऱ्यावरचा बोटाचा तेलकट डागही सुपाएवढा दिसत होता. हिऱ्याला स्निग्धाची फार ओढ. खाणींत चरबी फासलेल्या पाट्यांवरून खडी वाहत्या पाण्यात सोडत, हिरे तेवढे चिकटून राहत. काकांनी रिठ्याच्या पाण्यात जुन्या ब्रशनं कुडी घासली, चिमट्यानं धरून दहापटीच्या भिंगातून पाहिली, आणि आम्ही अकरा फोटो पुन्हा काढले.

काकांनी मग माझी परीक्षा घेतली. कुडीशेजारी अमेरिकन डायमंडचं फूल ठेवलं. तुमच्या झूमच्या फोटोत दोन्ही साबुदाणे, सारखेच. टॉर्चच्या फोटोत फरक कळला. नकली खडा हिऱ्यापेक्षा जास्तच रंग उधळत होता, वरातीतल्या लाईटिंगसारखा. त्याचा अपवर्तनांक कमी, पण रंग फोडायची ताकद जास्त. पुण्याचं गिऱ्हाईक हेच बघायला बसलं होतं, आणि तुम्ही मला तिथं मखमल पाठवायला लावणार होतात.

तुमच्या झूमवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा कागदांवर वजन म्हणून ठेवायचा. जवळजवळ चार सेंटिमीटर लांब. तो दीड मीटरवरूनही अर्धी फ्रेम भरून दिसला असता. पण तो १९९५ साली भारत सरकारनं विकत घेतला, तेव्हा फोटोसाठी सोनपेठला येईल असं वाटत नाही. येणार असेल तर झूम तयार आहे.

कळावे. लोभ तुमच्याकडे आहेच.

आपला,
डोळे उघडलेलं गिऱ्हाईक

ता. क. : सोबत पारव्याचा फोटो जोडला आहे. काउंटरवर लावा. खाली ‘खास हिऱ्याच्या दागिन्यांसाठी’ लिहायला विसरू नका.