मागून दोन इंच

जुन्या जिप्सीचा खरा मालक ओळखायची एक खूण आहे. बाकीचे लोक गाडी समोरून बघतात. हा गृहस्थ वळसा घालून मागे जातो, गुडघे नको म्हणत असले तरी खाली बसतो आणि मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघत राहतो. तिथे नेमकं काय असतं हे घरच्यांना कधी कळत नाही. त्याला मात्र तिथे एकच गोष्ट दिसते: गाडी मागून बसली आहे.

आमच्या एका स्नेह्यांकडे अशी जिप्सी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक योगासनांकडे वळतात, हे पाट्यांकडे वळले. जिप्सी १९८५ साली आली आणि पुढे किंग झाली, इंजिन बदललं, तरी शेवटपर्यंत चारही चाकांवर पाटेच राहिले. घोडागाडीच्या काळातली ही युक्ती: पोलादाच्या पट्ट्या एकावर एक बांधायच्या आणि गाडी त्यावर ठेवून द्यायची. ताडोबात वाघ बघायला गेलेल्यांनी हे पाटे डोळ्यांनी पाहिले नसतील, पण पाठीने नक्की ओळखले असतील. मागचे पाटे पाचशे किलो ओझं वाहण्याच्या हिशोबाने बनवलेले. आमच्या स्नेह्यांचं वजन आणि डबा धरून ओझं शंभराच्या आतच, त्यामुळे रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर आपलं मत मोठ्याने सांगते.

तर मुळशीकडच्या एका ओढ्यातून वर येताना गाडीचा मागचा बंपर खडकाला घासला, आणि गाडी मागून दोन इंच उचलायची असं ठरलं.

हायवेच्या कडेला ‘कमान पाटा’ अशी पाटी लावलेल्या दुकानात कोणत्याही दुखण्यावर एकच औषध मिळतं. “साहेब, एक पाटा वाढवू.” पाटा वाढवला की गाडी उठते, हे खरं. पण आधीच ताठ असलेली आणखी ताठ होते. दुसरा उपाय लांब शॅकलचा. शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी. दाबला की पाटा लांब होतो, त्याला सरकायला जागा हवी म्हणून ती असते. मूळच्या शॅकलपेक्षा दोन इंच लांब शॅकल लावली तर गाडी उठते एकच इंच, कारण पाट्याचं पुढचं टोक जागेवर पक्कं आणि ॲक्सल मधोमध. उरलेला इंच वाटेतच कापला जातो, हे बँकेतल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही.

तिसरा उपाय शौकिनांचा. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली बांधलेला असतो, तो वर बांधायचा. ॲक्सलची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी मिळून गाडी एका झटक्यात चार-पाच इंच उठते. हे ऐकून आमच्या स्नेह्यांचे डोळे चमकले. वहिनींनी फक्त विचारलं, “अहो, चढायला स्टूल घरून न्यायचं की गाडीतच ठेवायचं?”

पाटा वर घ्यायचा म्हणजे त्याच्या बैठका ॲक्सलवर नव्याने वेल्ड करायच्या. वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंग वाकणार नाही इतक्या बेताने. मग प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मागे टांगलेला. त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड, आणि शाफ्ट जितका आखूड तितका कोन लवकर चढतो आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकचा पाइप पुरत नाही. शॉकअप आखूड पडतात. वर बांधलेला पाटा जोरात ॲक्सिलरेटर दिला की नागमोडी पिळवटतो. शिवाय मागची बाजू पाच इंच उचलल्यावर पुढची तशीच ठेवून कसं चालेल? ती उचलली की स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, आणि खड्ड्यात गेलेली गाडी आपल्याला विचारल्याशिवाय वळते. बंपर घासला होता एवढीच मूळ तक्रार होती, हे इथवर येईपर्यंत कोणाच्याच लक्षात राहिलेलं नसतं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. एवढं सगळं करूनही गाडीचा सर्वांत खालचा भाग, म्हणजे मागच्या ॲक्सलचा गोळा, केसभरही वर येत नाही. कारण ॲक्सल पाट्यांवर नसतो, चाकांवर असतो. गोळा उचलायचा तर मोठे टायर हवेत. दोन इंच जास्त व्यासाचा टायर घातला की गोळा उठतो... एक इंच. पुन्हा अर्धाच. वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, आणि गाडी घाटात एक गिअर खाली मागते.

पाटे उचलून काहीच मिळत नाही असं मात्र नाही. ओढ्यातून बाहेर पडताना मागचा बंपर आणि सायलेन्सरचं टोक सुटतं, मोठ्या टायरला जागा होते. पण सह्याद्रीतल्या खडकाळ वाटेवर गाडी अडते ती बहुतेक वेळा उंचीपायी नाही. ताठ पाट्यांमुळे एक चाक हवेत राहतं, म्हणून अडते. साध्या डिफरन्शलची रीत आपल्या ओळखीच्या कचेऱ्यांसारखी: जो हवेत आहे त्याला गरगर फिरू द्यायचं आणि ज्याचे पाय जमिनीवर आहेत त्याच्या वाट्याला काही येऊ द्यायचं नाही. उपाय असा की चाक जमिनीला धरून राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी पाटे मऊ हवेत.

हे सांगितलं ते नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. त्यांनी पाटे खोलले, गंज घासला, ग्रॅफाइट ग्रीस लावलं, कुजलेले बुश बदलले आणि थप्पीतून एक पाटा चक्क काढून टाकला. “वाढवायला आला होतात ना, साहेब?” असं म्हणत तो स्नेह्यांच्या हातात दिला. गाडी दिसायला होती तशीच राहिली, पण चाकं जमीन सोडेनाशी झाली.

कायद्याचीही भानगड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. पाच इंच उठलेली गाडी लांबूनच दिसते. ग्रीस लावलेला पाटा कोणालाच दिसत नाही.

जिप्सी गेली आणि २०२३ साली जिमनी आली. पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, पाठींना सुटका मिळाली. जमिनीपासूनची उंची मात्र २१० मिलिमीटर, जिप्सी किंगची होती तेवढीच. कारखान्यातल्या अभियंत्यांना त्यात एका मिलिमीटरचीही भर घालावीशी वाटली नाही, याचा आमच्या स्नेह्यांना अजून राग आहे.

तुमच्याही दारात एखादी जुनी जिप्सी किंवा जीप असेल, तर उंचीचं नंतर बघा. आधी बुश तपासा, पाट्यांना ग्रीस करा. आणि पाटे कधीही खोलले तरी जुने यू-बोल्ट परत लावू नका. एकदा ताणले गेलेले असतात, नवे घ्या.